पुस्तक मिटल्यावर काय उरते : नीट अभ्यासगटाच्या प्रकल्प नोंदी, कोल्हापूर

२ जुलै २०२४

राजारामपुरीतील अभ्यासिकेत आजपासून नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या, विद्यार्थ्यांचा संध्याकाळचा गट सुरू झाला. गटात बारावीची मुले आहेत आणि एकदा परीक्षा देऊन पुन्हा तयारीला लागलेले रिपीटरही आहेत. कागल, गडहिंग्लज, राधानगरी, शाहूवाडी या तालुक्यांतून आलेली मुले वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहतात. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले तेव्हापासून गावाकडून शिकायला येऊन कोल्हापुरात राहणे ही इथली रीतच आहे. प्रत्येकाचा क्लास वेगळा आणि तेथे शिकवण्याची कमतरता नाही; त्यामुळे या गटात आम्ही काहीही नव्याने शिकवणार नाही. मी जीवशास्त्राचा शिक्षक आणि माझे सहकारी भौतिकशास्त्राचे. शिकवून झालेले डोक्यात कसे टिकते आणि पेपरात वेळेवर बाहेर कसे येते, एवढेच आम्ही दोघांनी पाहायचे ठरवले आहे.

पहिल्या दिवशी वेळापत्रक मागणाऱ्यांना ते दिले नाही. त्याऐवजी सर्वांची एनसीईआरटीची जीवशास्त्राची पुस्तके उघडून पाहिली. बहुतेक पानांवर पिवळ्या, गुलाबी, हिरव्या हायलायटरच्या रेघा आहेत आणि काही पानांवर तर रेघ नसलेली ओळ शोधावी लागते. गडहिंग्लजचा एक रिपीटर म्हणाला, “सर, पुस्तक तीनदा वाचून झालंय, पर पेपरात पर्याय बघितलं की चारीबी खरंच वाटत्यात.” या गटाला काय करायचे आहे ते त्याच्या या एका वाक्यात आले आहे. वाचताना ओळखीचे वाटणे आणि न पाहता आठवणे या दोन क्रिया निराळ्या आहेत, आणि पुन्हापुन्हा वाचल्याने प्रामुख्याने पहिलीच वाढते.

१४ जुलै २०२४

उत्सर्जन संस्थेच्या धड्यावर एक साधा प्रयोग केला. सर्वांना धडा वाचायला वेळ दिला. मग अर्ध्या गटाने तोच धडा पुन्हा वाचला आणि उरलेल्या अर्ध्याने पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिले. वाचणाऱ्यांना त्या दिवशी धडा पक्का झाल्याची खात्री वाटत होती, तर लिहिणारे आपले कागद पाहून हिरमुसले होते. आठवड्याने पूर्वसूचना न देता प्रश्न विचारले तेव्हा चित्र उलटे दिसले.

ही गोष्ट नवीन नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर अशाच स्वरूपाचा प्रयोग केला होता. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, परंतु आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. पुढे २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हा स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणे या दोनच पद्धती सर्वाधिक उपयुक्त गटात बसल्या, तर अधोरेखन आणि पुनर्वाचन खालच्या गटात गेले. मुलांना हे सांगितले, पण त्यांना पटले ते स्वतःच्या कागदांमुळे.

एका पालकांनी रास्त शंका काढली की नीट ही बहुपर्यायी परीक्षा आहे, उत्तर समोर छापलेलेच असते, मग ओळखता आले तरी पुरे नाही का? पुरत नाही, कारण चुकीचे पर्याय ओळखीचे वाटावेत असेच रचलेले असतात. जोड्या लावा, विधान आणि कारण, दोन विधानांपैकी कोणते बरोबर, असे प्रश्न ज्याला मूळ वाक्य नेमके आठवते त्यालाच झटपट सुटतात. इतरांना चारही पर्याय तोलत बसावे लागते.

त्याच धड्यातून आणखी एक काम निघाले. धड्यात संख्या बऱ्याच आहेत आणि मुले त्या सुट्या पाठ करतात. फळ्यावर त्या एका साखळीत मांडल्या. हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर ५,०४० मिलिलिटर, म्हणजे सुमारे ५ लिटर होतात. त्याचा साधारण पाचवा भाग, ११०० ते १२०० मिलिलिटर, मिनिटाला वृक्कांतून (मूत्रपिंडांतून) जातो. त्यातून मिनिटाला १२५ मिलिलिटर गाळले जाते, आणि दिवसाच्या १,४४० मिनिटांनी गुणले की बरोबर १८० लिटर येते. मूत्र मात्र दिवसाला दीड लिटरच्या आसपास असते. म्हणजे गाळलेल्यापैकी सुमारे ९९ टक्के परत शोषले जाते. अशा रीतीने बांधलेल्या संख्यांपैकी एक विसरली तरी शेजारच्या संख्येवरून काढता येते. पीसीटीमध्ये, म्हणजे वृक्कनलिकेच्या सुरुवातीच्या वळणदार भागात, ७० ते ८० टक्के क्षार आणि पाणी परत शोषले जाते, ही संख्या मात्र कशावरून काढता येत नाही. तिच्यासाठी एका बाजूला प्रश्न आणि मागे उत्तर असलेली चिठ्ठी हवी.

२७ जुलै २०२४

पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आहे. नदीकाठच्या गावांतील मुले येऊ शकत नाहीत, त्यामुळे गट फोनवर चालवला. ठरलेल्या वेळी एकाने धड्याचे नाव सांगायचे आणि दुसऱ्याने पुस्तक न उघडता पाच मिनिटे बोलायचे. ही पद्धत पूर ओसरल्यावरही ठेवावी असे वाटते.

सर्वोच्च न्यायालयाने २३ तारखेला यंदाची नीट रद्द करण्यास नकार दिला. पुन्हा परीक्षा होईल या आशेवर थांबलेल्या रिपीटर मुलांची तयारी दोन महिने अधांतरी होती. आता निदान वर्षाची दिशा ठरली.

१८ ऑगस्ट २०२४

चिठ्ठ्यांचे खोके सर्वांकडे झाले. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली मांडलेली ही पद्धत आहे. खोक्यात पाच कप्पे असतात. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात जाते, उत्तर बरोबर आले की पुढच्या कप्प्यात सरकते, आणि चुकले की कोणत्याही कप्प्यातून थेट पहिल्यात परत येते. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांआड, तिसरा आठवड्याला, चौथा पंधरवड्याला आणि पाचवा महिन्याला पाहायचा, असे अंतर आम्ही ठरवले. चप्पल लाइनमधील एका दुकानदारांनी रिकामी खोकी दिली. पुठ्ठ्याचे आडवे तुकडे लावले की पाच कप्पे होतात. मोबाइलवर अशी अॅप्स आहेत, परंतु अभ्यासाच्या वेळी मोबाइल हातात घेतल्यावर तो नुसत्या चिठ्ठ्या पाहून खाली ठेवणारे मूल आम्हाला अजून भेटलेले नाही.

चिठ्ठीवर काय लिहावे, यावर मात्र पुष्कळ काम करावे लागले. पहिल्या फेरीत कागलच्या मुलीच्या एका चिठ्ठीवर “सपुष्प वनस्पतींमधील फलन” एवढेच लिहिलेले होते आणि मागे अर्धे पान मजकूर. असली चिठ्ठी म्हणजे पुस्तकाचे पान कापून खोक्यात ठेवणे आहे, कारण उत्तर बरोबर की चूक हे ठरवताच येत नाही. तिचे चार तुकडे केले. दुसरा नरयुग्मक कोणाशी संयोग पावतो? त्या संयोगातून तयार होणाऱ्या केंद्रकात गुणसूत्रांचे किती संच असतात? त्यापासून पुढे काय तयार होते? आणि, मातृ वनस्पतीच्या पेशीत २४ गुणसूत्रे असतील तर भ्रूणपोषात किती? शेवटच्या चिठ्ठीचे उत्तर, ३६ (दोन संचांचे २४, म्हणून तीन संचांचे ३६), कोणत्याही पुस्तकात पाठ करायला मिळत नाही, आणि पेपरात प्रश्न याच वळणाचे असतात.

जे तर्काने काढता येते, जे आधीच पक्के आहे आणि जे अजून समजलेलेच नाही, अशा तिन्हींची चिठ्ठी करायची नाही असा नियम केला. न समजलेल्याची चिठ्ठी पहिल्या कप्प्यात अडकून बसते आणि मुलाला आपली स्मरणशक्ती कमी असल्याचा समज होतो. वास्तविक तेथे शिक्षकाला गाठण्याची गरज असते.

२२ सप्टेंबर २०२४

भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी आज मिश्र प्रश्नपत्रिका सुरू केली. क्लासच्या शीट धड्यांनुसार असतात. घूर्णन गतीच्या शीटमधील चाळीसही गणिते घूर्णन गतीचीच असल्यामुळे कोणते तत्त्व लावायचे हा प्रश्न मुलांना पडतच नाही. सूत्र ठरलेले असते, किमती तेवढ्या भरायच्या असतात. नीटच्या पेपरात मात्र गणितावर धड्याचे नाव नसते.

त्यांनी फळ्यावर एकच आकृती तीन वेळा काढली : उंची h असलेला उतार आणि त्यावरून खाली येणारी वस्तू. पहिल्या आकृतीत ठोकळा घर्षणाशिवाय घसरतो, तेव्हा तळाशी वेग √(२gh). दुसरीत भरीव गोल न घसरता गडगडत येतो, तेव्हा √(१०gh/७), कारण स्थितिज ऊर्जेचा काही भाग फिरण्यात जातो. तिसरीत ठोकळाच आहे पण उतार खडबडीत आहे, म्हणजे घर्षणाविरुद्ध झालेले कार्य वजा करावे लागते आणि उताराचा कोनही लागतो. धड्याची शीट सोडवताना यांतील एकही न चुकणाऱ्या मुलांनी तिन्ही एकत्र आल्यावर दुसऱ्या आकृतीला सर्रास √(२gh) लावले. घर्षण असूनही गोलाची ऊर्जा का वाया जात नाही, यावर मग तास गेला आणि तो सत्कारणी लागला.

आजपासून दर आठवड्याच्या पत्रिकेत चालू धड्याचे प्रश्न निम्म्याहून कमी राहतील आणि बाकीचे मागच्या महिन्यांतील असतील. गुण खाली येतील आणि मुले कुरकुरतील, हे त्यांना आधीच सांगून ठेवले आहे. नीटमध्ये कॅल्क्युलेटर किंवा लॉग टेबल चालत नसल्यामुळे आकडेमोडही हातानेच करायची, आणि π² जवळजवळ १० धरून पर्यायांतील जवळचे उत्तर निवडायची सवय याच पत्रिकांतून लावायची आहे.

२० ऑक्टोबर २०२४

नवरात्रात महाद्वार रोडकडून येणाऱ्या मुलांना गर्दीतून वाट काढणे जमले नाही, त्यामुळे गट विस्कळीत झाला होता. तो पुन्हा जमला आणि चुकांच्या वह्या तपासल्या. माझ्या मते या संपूर्ण प्रकल्पात सर्वांत मोलाची वस्तू हीच वही आहे. चाचणीचे गुण पाहून आनंद किंवा दुःख करण्यापलीकडे मुले उत्तरपत्रिकेचे काहीच करत नाहीत, आणि क्लासमध्ये पुढची चाचणी लगेच आलेली असते.

वहीत प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे कारण लिहायचे आहे. ते कारण पाचांपैकी एक असते : माहीतच नव्हते, माहीत होते पण आठवले नाही, प्रश्न चुकीचा वाचला, आकडेमोड चुकली, किंवा उत्तरपत्रिकेवर पर्यायाचा गोल भरताना चूक झाली. “सिली मिस्टेक” हे शब्द वहीत लिहायला बंदी आहे, कारण ते लिहिले की शोध तेथेच थांबतो. एका मुलीच्या वहीत भिंगाच्या शक्तीच्या प्रश्नापुढे तेच लिहिले होते. नाभीय अंतर २० सेंटिमीटर होते आणि तिने १ भागिले २० केले. मीटरमध्ये बदलून १ भागिले ०.२० केले असते तर ५ डायॉप्टर हे उत्तर समोर होते. मागची पाने चाळली तेव्हा एककांची हीच चूक विद्युतक्षेत्राच्या आणि पृष्ठताणाच्या गणितातही सापडली. मग ती सवय ठरते आणि तिच्यावर उपाय करता येतो : गणित सुरू करण्यापूर्वी दिलेल्या सर्व किमती एसआय एककांत एका ओळीत लिहून काढणे. दुसऱ्या एकाच्या वहीत “अयोग्य विधान ओळखा” या प्रकारात योग्य विधान निवडल्याच्या नोंदी ओळीने होत्या. त्याने आता तो शब्द पेनाने गोल करूनच पुढे वाचायचे आहे.

कारणांची महिन्याची बेरीज पाहून पुढच्या महिन्याचे वेळापत्रक ठरते. सुरुवातीला वेळापत्रक दिले नाही ते याचसाठी. ज्याच्या चुका “आठवले नाही” या रकान्यात आहेत त्याने खोक्याला वेळ द्यावा, ज्याच्या आकडेमोडीत आहेत त्याने नवे धडे वाचत बसू नये. चौदा तासांची छापील वेळापत्रके सर्वांना एकच औषध देतात.

१५ डिसेंबर २०२४

रसायनशास्त्राचे तीन भाग तीन रीतींनी करायचे ठरले. भौतिक रसायन गणिते सोडवूनच येते. सेंद्रिय रसायनासाठी कोऱ्या कागदाच्या मध्यभागी फिनॉल लिहून त्यापासून निघणाऱ्या सर्व अभिक्रिया अभिकर्मकांसह न पाहता काढायच्या, म्हणजे कोल्बे अभिक्रियेने सॅलिसिलिक आम्ल आणि राइमर-टीमनने सॅलिसिलाल्डिहाइड मिळते, यांत होणारा गोंधळ कागदावरच उघडा पडतो. असेंद्रिय रसायनात नियमापेक्षा अपवाद अधिक विचारले जातात. नायट्रोजनची आयनन ऊर्जा ऑक्सिजनपेक्षा जास्त का आणि क्लोरीन इलेक्ट्रॉन स्वीकारताना फ्लोरीनपेक्षा अधिक ऊर्जा का मुक्त करतो, याची चिठ्ठी कारणासह हवी.

अभ्यासक्रमाची यादी सर्वांच्या पुस्तकांवर उतरवून घेतली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२४ च्या परीक्षेपासून अभ्यासक्रम कमी केला, त्यात घन अवस्था, पृष्ठरसायन, पचन व शोषण, वनस्पतींतील वहन आणि खनिज पोषण हे धडे वगळले गेले. राज्य मंडळाच्या बारावीच्या रसायनशास्त्राचा मात्र पहिलाच धडा घन अवस्थेचा आहे आणि जीवशास्त्रात वनस्पती व पाण्याचा संबंध आहे. ते धडे बोर्डासाठी करावेत, त्यांच्या चिठ्ठ्या करू नयेत.

२६ जानेवारी २०२५

नीट घेणाऱ्या एनटीए या संस्थेने परीक्षेचे स्वरूप बदलल्याचे जाहीर केले. कोरोनाकाळात, २०२१ पासून, सुरू झालेला ऐच्छिक प्रश्नांचा भाग गेला. आता भौतिकशास्त्र ४५, रसायनशास्त्र ४५ आणि जीवशास्त्र ९० असे १८० प्रश्न, सर्व अनिवार्य, आणि वेळ १८० मिनिटे. गुण पूर्वीप्रमाणे ७२०. गेल्या वर्षी २०० मिनिटे होती. ऐच्छिक भागातील नको ते पाच प्रश्न सोडून देण्याची सोय गेली आणि वरची वीस मिनिटेही गेली.

त्यामुळे अंदाजाने उत्तर द्यावे की नाही, या जुन्या वादाला आज हिशेबाने सामोरे गेलो. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. चार पर्यायांपैकी डोळे झाकून निवडले तर सरासरीने प्रत्येक प्रश्नामागे पाव गुण पदरात पडतो. म्हणजे असे वीस प्रश्न ठोकले तर सरासरी पाच गुण. परंतु वीसपैकी तीनच बरोबर आले तर १२ वजा १७, म्हणजे उणे ५. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर सरासरी दोन तृतीयांश गुणावर जाते आणि दोन बाद झाले तर प्रश्नामागे दीड गुण मिळतो. “निगेटिव्ह आहे, हात लावू नको” हा सरसकट सल्ला म्हणूनच चुकीचा आहे. दोन पर्याय ठामपणे बाद झाले की उत्तर द्यावे. एकही बाद होत नसेल तर त्या पाव गुणापेक्षा तेथे जाणारे मिनिट महाग आहे. मात्र समान गुण असताना क्रम ठरवताना आधी जीवशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे आणि मग भौतिकशास्त्राचे गुण पाहतात, हे लक्षात ठेवून जीवशास्त्रात हात सैल सोडू नये.

९ फेब्रुवारी २०२५

अर्ज सुरू झाले आहेत आणि परवा बारावीची बोर्डाची परीक्षा सुरू होते. प्रश्नपत्रिकेच्या भाषेवर पालकांशी बोललो. मराठी निवडल्यास मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर असलेली पुस्तिका मिळते, इंग्रजी निवडल्यास केवळ इंग्रजी, आणि अनुवादात संदिग्धता असल्यास इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. दहावीपर्यंत मराठीत शिकून अकरावीला इंग्रजीत गेलेल्या मुलांना लांबलचक विधानांचा अर्थ मराठीत चटकन लागतो, पण पारिभाषिक संज्ञा ती इंग्रजीतच शिकलेली असतात. सरावात दोन्ही मजकूर आलटून पालटून वाचण्यात वेळ जात असेल तर इंग्रजीच घ्यावी, असे मी सुचवले; निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा आहे.

बोर्ड संपेपर्यंत रोज पहिला कप्पा एवढेच नीटचे काम. प्रवेशासाठी खुल्या गटाला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात मिळून ५० टक्के लागतात. त्यामुळे बोर्डाकडे दुर्लक्ष करण्याचा सल्ला देणाऱ्यांचे ऐकू नये.

२२ मार्च २०२५

बोर्ड १८ तारखेला संपले. परीक्षेला सहा आठवडे आहेत. नवे पुस्तक, नवी टेस्ट सिरीज, कोणाच्या तरी नोट्सची झेरॉक्स, यांपैकी काहीही आता गटात येणार नाही. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी पेंगणारी दोघे आहेत. झोपेत स्मरण पक्के होते हे त्यांना माहीत आहे, त्यांच्या जीवशास्त्राच्या शिक्षकाने, म्हणजे मीच, ते सांगितलेले आहे. त्यांच्या आयांशी बोललो आणि काम झाले.

१३ एप्रिल २०२५

काल जोतिबाची चैत्र यात्रा होती, तरी गट पूर्ण हजर होता. खरी परीक्षा दुपारी दोन ते पाच आहे, म्हणून सराव परीक्षाही त्याच वेळी घेत आहोत. जेवणानंतरची वेळ आणि एप्रिलचे ऊन यांत एकाग्रता अडीचच्या सुमारास ढासळते, हे सकाळी सराव करणाऱ्याला कळत नाही. दुपारचे जेवण हलके आणि बारापूर्वी, हा बदल त्यातूनच आला.

जीवशास्त्र आधी, मग रसायन, मग भौतिक, हा क्रम बहुतेकांना मानवला. जीवशास्त्राचे ९० प्रश्न पन्नास मिनिटांत आटोपले तर उरलेल्या नव्वद प्रश्नांना दोन तास दहा मिनिटांपैकी मोठा भाग मिळतो आणि शेवटी थोडा वेळ हाताशी राहतो. ओएमआर उत्तरपत्रिकेवर एक गोल नीट भरायला पाच सेकंद धरली तरी १८० गोलांना पंधरा मिनिटे होतात. ती शेवटी ठेवणाऱ्या मुलाचे गेल्या आठवड्यात नऊ गोल कोरे राहिले. आता प्रत्येक पान संपले की त्या पानाचे गोल भरायचे. एक प्रश्न सोडला की त्याचा क्रमांक मोठ्याने नाही, पण ओठांत पुटपुटायचा, म्हणजे पुढचा गोल एक ओळ वर भरला जात नाही.

५ मे २०२५

काल परीक्षा झाली. भौतिकशास्त्राचा भाग लांबलचक आणि कठीण होता, असे गटातील सर्वांनी सांगितले आणि पेपर पाहून सहकाऱ्यांचेही तेच मत झाले. जीवशास्त्र आधी उरकणाऱ्यांना भौतिकसाठी तास तरी मिळाला. जी मुले भौतिकच्या पहिल्याच पानावर हट्टाने अडून बसली, त्यांचे रसायनातील सोपे प्रश्न वाचायचे राहिले. सोडण्याचा निर्णय किती सेकंदांत घ्यायचा याचा सराव त्यांच्या बाबतीत पुरेसा झाला नव्हता.

उत्तरतालिका आली की चुकांची वही अखेरची एकदा भरायची आहे, निकाल काहीही लागो. पुढच्या गटासाठी तीन बदल ठरले. मिश्र पत्रिका सप्टेंबरऐवजी पहिल्याच महिन्यात सुरू होतील. दर पत्रिकेत मुद्दाम तीन-चार न सुटणारी गणिते घातली जातील आणि ती वेळेत सोडून देणाऱ्याला त्याचे गुण मिळतील. आणि गडहिंग्लजच्या मुलाने आपले खोके अभ्यासिकेत ठेवून जायची तयारी दाखवली होती, तिला नकार दिला आहे. चिठ्ठ्या ज्याच्या त्याने स्वतः लिहायच्या.